नावावरची रेघ

१

देवासला सयाजीद्वारापासून जरा आत दीपेशचं फ्लेक्सचं दुकान होतं. सकाळी साडेनऊला शटर वर जायचं, मशीन दोनदा खोकून सुरू व्हायचं, आणि मग दिवसभर त्यातून लोकांची तोंडं बाहेर पडत राहायची. वाढदिवसाचे नेते, पास झालेली मुलं, दुकानांची उद्घाटनं, कोणाचा तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेचा उठावणा. माणूस जन्मापासून मरेपर्यंत एकदा तरी आमच्या यांच्या मशीनमधून जातो, असं दीपेशची बायको अल्पना म्हणायची. ती सरकारी शाळेत गणित शिकवायची. माहेर धारचं, म्हणून जीभही तशीच, असं दीपेश तिला चिडवायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तरी ती घरात नसली की त्याला चहा बेचव लागायचा. हे त्यानं तिला एकदा सांगितलंही होतं, आणि तिनं त्यावरून त्याची वर्षभर थट्टा केली होती.

दीपेशचे वडील शालिग्राम पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी देवासपासून हाटपिपल्यापर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं अक्षर दुरून ओळखू यायचं: जाड, भरदार, पोटातून एक बारीक पांढरी रेघ गेलेली, आणि कान्याचं टोक खाली आंब्याच्या पानासारखं निमुळतं होत गेलेलं. लोक बाकीचा मजकूर कुणाकडूनही लिहून घ्यायचे, पण नाव मात्र शालिग्राम पेंटरकडून. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मागे ब्रशांचा एक डबा आणि अक्षरांची एक जाडजूड वही राहिली.

त्या वहीवरून दीपेशनं फॉन्ट तयार केला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो एकेक अक्षर स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर त्याच्या कडेकडेनं ठिपके बसवायचा, ठिपके सरकवून वळणं काढायचा. जोडाक्षरांनी त्याचा जीव खाल्ला. दीड वर्ष गेलं.

वहीत एक खोड होती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेत, उजव्या टोकाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. सगळ्या अक्षरांत, नेमकी त्याच जागी. समासात वडिलांनी काहीतरी मराठीत टिपून ठेवलं होतं, पण ते जुन्या मोडी वळणाचं. दीपेशची शाळा हिंदीतली. मराठी बोलायला तो फर्डा, वाचायला मात्र अडखळायचा. त्याला वाटलं, म्हाताऱ्या हातातला ब्रश तिथे उचलला जात असेल. शिवाय रेघ तुटकी ठेवली तर अक्षराला अक्षर चिकटणार कसं? त्यानं साडेचारशे आकृत्यांमधल्या सगळ्या फटी एकेक करून बुजवल्या. वडिलांचं राहिलेलं काम आपण पुरं करतोय, असं वाटून एकदा त्याचे डोळेही भरून आले होते.

फॉन्टला त्यानं वडिलांचंच नाव दिलं, शालिग्राम. तो विकायचा नाही हे ठरलेलंच होतं. पेन ड्राइव्हवर घालून ओळखीच्या फ्लेक्सवाल्यांना वाटला, धारला अल्पनाचा धाकटा भाऊ अर्पित याच धंद्यात होता, त्यालाही दिला. एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दोन महिन्यांत थेट गंधवानीच्या बाजारात त्या अक्षरात नावं झळकायला लागली, आणि दीपेश अल्पनाला मोटरसायकलवर मागे बसवून ती दाखवत फिरला.

२

जयसिंगराव हे जमिनींच्या व्यवहारातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या साठीचा बॅनर त्यांच्या मुलानं, यशराजनं, फोनवरूनच सांगितला, कारण वडील तेव्हा बाहेरगावी होते. बारा फुटी बॅनर, खाली शुभेच्छा देणाऱ्यांची नावं साध्या अक्षरात, आणि वर मोठं नाव शालिग्राममध्ये. बॅनर दुकानाच्या समोरच्याच चौकात लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगराव बॅनरखाली उभे दिसले. हात मागे बांधलेले, मान वर.

"देख रिये हो भिया?" चहावाला दीपेशला म्हणाला. "अपनी ही फोटो पे फिदा हैं."

दीपेशलाही हसू आलं. दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा जयसिंगराव तिथेच होते. परत आला तेव्हाही तिथेच. ऊन त्यांच्या टकलावर आलं होतं आणि ते डोळ्यांवर हातसुद्धा धरत नव्हते. संध्याकाळी यशराज त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

चौथ्या दिवशी यशराज दुकानात आला आणि उगाच मशीनकडे बघत राहिला.

"दीपेशभाऊ, बाबा फोटो नाही बघत आहेत," तो म्हणाला. "मी बाजूला उभा राहून बघितलं. नाव बघतायत."

"वय झालंय. डॉक्टरला दाखवलंस?"

"इंदौरला नेलं ना. डॉक्टर बोलले, सब नॉर्मल है. घरी जेवतात, बोलतात, टीव्हीच्या बातम्यांना शिव्या देतात. पण उभ्यानं. आणि तोंड इकडे करून."

"इकडे म्हणजे?"

"या चौकाकडे. आमच्याकडे त्या बाजूला भिंत आहे. भिंतीला तोंड लावून जेवतात."

दीपेशनं बॅनर उतरवून, गुंडाळी करून यशराजच्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. गुंडाळी माळ्यावर टाकली होती, आणि जयसिंगराव आता माळ्याखाली उभे होते, मान वर करून.

३

रात्रीच्या जेवणाला दीपेशनं हा किस्सा हसत हसत सांगितला. अल्पना हसली. दीपेशची आई, सुभद्राबाई, हसली नाही. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"नाव कोणत्या अक्षरात घातलंस?"

"बाबांच्या."

"आणि ते गृहस्थ तेव्हा कुठे होते?"

"गावाला. का गं?"

सुभद्राबाईंनी अक्षरांची वही मागितली. चष्मा लावून समासातली ती बारीक ओळ बोटानं चाचपत वाचली. सत्तर वर्षांच्या या बाईला ते वळण येत होतं, हे दीपेशला त्या दिवशी कळलं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"मालक समोर उभा नसेल तर रेघ पुरी करू नये," तिनं वाचलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच. मी शिडी धरायला जात असे ना. सगळं रंगवून झालं की हे खाली उतरायचे, मालकाला पाटीसमोर उभं करायचे, आणि मग वर जाऊन तेवढा ठिपका भरायचे. मालक आला नाही तर फट तशीच ठेवायची. गेलेल्या माणसाच्या नावावरची तर कधीच भरायची नाही."

"पण का?"

"मी विचारलं नाही. यांनीही यांच्या वडिलांना विचारलं नसेल. तेव्हा असं काही कोणी विचारत नसे."

"अहो आई, माझ्या शाळेच्या हजेरीत सत्तर नावं पुरी आहेत," अल्पना म्हणाली. "पोरं तर उभी राहा म्हटलं तरी राहत नाहीत."

दीपेशनं या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कटर खिशात घालून यशराजकडे गेला, आणि जाताना स्वतःला बजावत राहिला की आपण फक्त आईच्या समाधानासाठी जातोय. बॅनर माळ्यावरून काढून फरशीवर उलगडला. जयसिंगराव लगेच त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. दीपेशनं गुडघे टेकून नावावरच्या रेघेत, प्रत्येक अक्षराच्या उजव्या टोकाशी, एकेक छोटा काप दिला.

शेवटचा काप दिला आणि जयसिंगरावांनी सुस्कारा सोडला.

"अरे, खुर्ची आण रे कोणी," ते म्हणाले. खाली बसले. त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले होते. "चहा टाका. दीपेश, तू का असा पांढरा पडलायस?"

दीपेश कटरचं पातं आतबाहेर सरकवत राहिला. हे खरं निघण्यापेक्षा जयसिंगरावांना खरंच वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

४

त्यानं दोन दिवस दुकान बंद ठेवून फॉन्टमधल्या सगळ्या फटी परत उघडल्या. नवी फाइल सगळ्यांना पाठवली, जुनी काढून टाका म्हणून हात जोडले. संध्याकाळपासून फोन यायला लागले.

"दीपेश भिया, ये नए वाले में तो कट आ रिया है. पार्टी ने रिजेक्ट कर दिया."

"कट ठेवायचाच आहे. तसंच डिझाइन आहे ते."

"अरे भिया, पुराना वाला ही मस्त था. वोई चला रिये हैं अपन."

एकानं तर नव्या फाइलमधल्या फटी स्वतःच बुजवल्या आणि तेवढंच आपलं योगदान म्हणून दीपेशलाच परत पाठवली. एका जुन्या मित्राला त्यानं खरं काय ते सांगितलं. मित्र पोट धरून हसला आणि म्हणाला, थोडे दिवस आराम कर. ज्यांना त्यानं पाहिलंही नव्हतं अशांच्या हातात आता ती अक्षरं होती, आणि किती जणांच्या हातात होती हे मोजायला काही मार्ग नव्हता.

मग तो खिशात कटर घालून फिरू लागला. मोटरसायकलला बांधून नेलेल्या निळ्या शिडीवर चढून, भर दिवसा, लोकांच्या बॅनरांना काप द्यायचा. एका ठिकाणी मार खाता खाता वाचला. देवासमधले असे तेवीस बॅनर त्यानं मोकळे केले. त्यातल्या किती जणांचे पाय सुजले होते, हे त्यानं विचारलं नाही.

अशाच एका सकाळी दहाच्या सुमाराला तो टेकडीच्या रस्त्याला वळला आणि त्याला तो श्रद्धांजलीचा बॅनर दिसला. जुन्या सरदार घराण्यातल्या जानकीबाई, नव्वदीच्या, चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. फोटोच्या खाली नाव, शालिग्राममध्ये, रेघ पुरी.

बॅनरखाली एक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, पाठ रस्त्याकडे. मान किंचित वर.

दीपेशनं मोटरसायकल थांबवली. पलीकडच्या हातगाडीवरच्या माणसाला विचारलं, "ये कौन हैं?"

"कल से खड़ी हैं भिया. घर की होंगी कोई. मैंने चाय का पूछा, बोली नहीं."

घरचंच कोणी असेल, दीपेशनं स्वतःला सांगितलं. बहीण असेल, सून असेल. म्हाताऱ्या बायका असं करतात. तेवढ्यात त्याचं लक्ष लुगड्याच्या काठाकडे गेलं. फोटोतल्या लुगड्याचा काठही तसाच होता. तसे काठ बाजारात शंभर मिळतात, त्यानं स्वतःला सांगितलं. पहाटे पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला होता, बॅनरवरून अजून थेंब ओघळत होते, हातगाडीचं छप्पर गळत होतं. तिचं लुगडं कोरडं होतं.

नावापर्यंत पोचायला शिडी तिच्या शेजारीच लावावी लागली असती, आणि वर चढून खाली बघितलं असतं तर तिचा चेहरा दिसला असता. दीपेशची पाचावर धारण बसली. त्यानं मोटरसायकल वळवली. संध्याकाळी परत गेला तेव्हा बॅनर नव्हता, खाली कोणीही नव्हतं. बॅनर कोणी नेला, कुठे नेला, हे त्यानं विचारलं नाही. ही एक गोष्ट त्यानं घरी सांगितली नाही.

५

पाच सप्टेंबरला अल्पनाला शिक्षकदिनाचा जिल्हा पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, फोटो. ती फार खूश होती. चार दिवसांनी, दुपारी, दीपेश घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभी राहून वह्या तपासत होती.

"बसून कर की," तो म्हणाला.

"बसून बसून कंटाळा आलाय."

तिच्यासमोर भिंत होती. ओट्यापासून हातभर लांब, कोपऱ्यात तोंड करून ती उभी होती, आणि वही डाव्या हातावर धरून लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत होती. उजेड मागच्या खिडकीतून येत होता. तिची स्वतःचीच सावली वहीवर पडली होती.

"अगं, उजेडाकडे तरी वळ."

"नको हो," अल्पना म्हणाली. "इकडे तोंड केलं की बरं वाटतं."

तो काही बोलायच्या आत त्याचा फोन वाजला. अर्पित होता.

"दाजी, फोटो बघितला का? ताईला सांगू नका हां, सरप्राइज आहे. इकडे चौकात लावला होता, आमच्या ताईला पुरस्कार म्हणून. नाव आपल्या शालिग्राममध्येच टाकलं, म्हटलं तुमच्या बाबांची आठवण."

"कोणत्या फाइलमध्ये? जुन्या की नव्या?"

"जुन्याच. नव्यात कट येतोय ना, दाजी."

"अर्पित, आत्ताच्या आत्ता जा आणि तो उतरव."

"उतरवला ना. परवाच. दोन दिवसांचीच परवानगी होती. गंधवानीच्या टेम्पोवाल्यानं मागितला, भाजी झाकायला. देऊन टाकला."

फ्लेक्स मरत नाही, हे दीपेशइतकं दुसरं कोणाला माहीत होतं? उतरवलेला बॅनर कोणाच्या झोपडीवर जातो, कोणाच्या ट्रॉलीवर, कोणाच्या गुरांच्या गोठ्यावर. आपल्या दुकानाचा माल दहा वर्षं टिकतो, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा. कोपऱ्यात अल्पना पान उलटत होती. दीपेशनं बघितलं, तिचं तोंड आता कोपऱ्यापासून बोटभर डावीकडे सरकलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं यशराजची गाडी मागून घेतली. सुभद्राबाईंनी डबा दिला, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि दीपेशला एवढंच म्हणाल्या, "तिचा हात सोडू नकोस."

अल्पना गाडीत बसली. बसली म्हणजे टेकली. इंदौर येईपर्यंत ती बोलत होती, शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करत होती, आणि दीपेशला वाटलं आपण उगाच घाबरलो. मग रस्ता वळला. गाडी वळली, अल्पनाचं तोंड वळलं नाही. ते जिकडे होतं तिकडेच राहिलं, गाडीच तिच्याभोवती फिरल्यासारखी झाली. सरळ रस्ता लागला तेव्हा ती डाव्या काचेतून बघत होती.

"काय दिसतंय गं?"

"शेतं," ती म्हणाली. "सोयाबीन पिवळं पडलंय."

धारला अर्पित रस्त्यातच उभा होता. बहिणीला बघून त्याला रडू आलं, त्यानं टेम्पोवाल्याचा नंबर दिला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "दाजी, मी प्रेमानं लावला होता." दीपेशला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्यानंही प्रेमानंच केलं होतं सगळं.

टेम्पोवाला गंधवानीला आठवड्याच्या हाटात भेटला. बॅनर त्याच्याकडे नव्हता. निसरपूरच्या एका मासेवाल्यानं होडीवर टाकायला मागून नेला होता. दीपेश गाडीकडे परत आला तेव्हा अल्पना गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती, टोपल्या घेऊन चाललेल्या बायकांच्या मधोमध, दक्षिणेकडे तोंड करून.

"अल्पना," त्यानं हाक मारली.

तिनं बघितलं नाही. त्यानं जवळ जाऊन परत हाक मारली. तिसऱ्या हाकेला एक टोपलीवाली बाई वळली, पण अल्पना नाही. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

"मी हाक मारली, ऐकू नाही आली?"

"तुम्ही कोणाला तरी बोलवत होतात खरं," अल्पना म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. दीपेशनं ती शोधली, नव्हती.

७

निसरपूरला जुन्या गावाचा रस्ता सरळ पाण्यात जातो. डांबर आहे, मधला पांढरा पट्टाही आहे, आणि मग पाणी. जुनं गाव धरणाखाली गेलंय, आणि सप्टेंबरात धरण भरत असतं. विजेचे खांब अर्धे बुडून रांगेनं आत गेलेले दिसत होते, आणि त्यांच्या पलीकडे नुसता पसारा, करडा, हलणारा.

मासेवाला काठावर जाळं सुकवत होता. त्याला बॅनर आठवला.

"मॅडम की फोटो वाला? वो तो कल हवा में उड़ गया. उधर गया, पुराने बाज़ार की तरफ."

"निकाल नहीं सकते? जो बोलोगे वो दूंगा."

"वहां जाल नी डालते. नीचे मकान हैं, फंस जाता है. और पानी देखो, रोज़ चढ़ रिया है."

अल्पना रस्त्यावरून चालत गेली आणि पाण्याच्या कडेला थांबली. अगदी नेमकी, चपलेचं टोक ओलं होईल न होईल अशी. हात बाजूला, मान किंचित खाली. आता तिला वर बघावं लागत नव्हतं.

दीपेशनं होडीवाल्यांचे पाय धरले. एक तरुण दोनदा बुडी मारून आला. खाली गाळ आहे, भिंती आहेत, काही दिसत नाही, तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा जायला तयार झाला नाही. दीपेशला पोहता येत नव्हतं. कटर त्याच्या मुठीत होता. एवढासा काप, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्याची बायको खुर्ची मागून बसली असती.

ते तिथेच राहिले. नव्या वसाहतीत त्यांना एक खोली मिळाली. रोज सकाळी अल्पना उठायची आणि चालायला लागायची, आणि दीपेश तिच्यामागून. दार लावून घेतलं तर ती दाराला कपाळ टेकवून उभी राहायची, कपाळावरचं कातडं सोलवटेपर्यंत. ते त्याला एकदाच बघवलं. पाणी दर दिवशी वीतभर चढायचं. ते पावलांना लागलं की अल्पना मागे सरत नसे. दीपेश तिला कमरेला धरून दोन पावलं मागे घ्यायचा, आणि झाडू मारताना माणूस बाजूला होतो तशी ती मुकाट्यानं व्हायची. त्याचा हात सुटला की ती दोन पावलं पुढे यायची.

थोड्या अंतरावर एक बाई बसायची. पन्नाशीची, निमाडी, शेजारी स्टीलचा डबा. तीही रोज यायची. तिसऱ्या दिवशी तीच आपण होऊन बोलली.

"आपकी कब से?"

"आठ दिन."

"मेरे वाले का नाम पंडाल के बैनर पे था. विसर्जन में सब सामान के साथ चला गया."

"कहां हैं वो?"

"ये क्या, सामने ही तो खड़े हैं," बाई म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडून बघितलं, गरम आहे का ते.

दीपेशनं तिकडे बघितलं. पाणी होतं. हातभर, दोन हात, दहा हात, नुसतं पाणी. मग त्याला दिसलं की एका जागी लाटा सरळ येत नाहीयेत. येता येता दोन फाटे होतात आणि पुढे परत एक होतात, मध्ये खांब असावा तसं. आणि खांबांची रांग तर तिकडे नव्हती, ती पलीकडे होती.

"मना करती थी मैं," बाई शांतपणे सांगत होती. "पहले हाथ पकड़ के रखती थी. फिर एक दिन आंख लग गई."

८

दीपेशनं झोप कमी केली. मग झोपणंच सोडलं. ओढणीनं तिचं मनगट आपल्या मनगटाला बांधून तो रस्त्यावर बसून राहायचा, ती उभी. आईचा फोन यायचा. दोघं जेवलो, एवढं सांगून तो ठेवून द्यायचा. देवासला दुकान बंद होतं, पण बाकीची सगळी दुकानं चालू होती. नवरात्र जवळ आलं होतं. बॅनरांचा सीझन.

तो तिच्याशी बोलत राहायचा. शाळेचं, हेडमास्तरांचं, चहाचं. तिच्या नावानं हाक मारणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. त्या नावाला इकडून ओ येत नव्हती, आणि तिकडे पाण्याखाली ते ऐकलं जात असेल, या विचारानं ते त्याच्या तोंडातून निघेना.

त्या दिवशी दुपारनंतर ऊन पडलं. वारा पडला. पाणी तिच्या पावलांवरून घोट्यांवर आलं होतं आणि दीपेशच्या अंगात तिला मागे ओढायची ताकद उरली नव्हती. तो उठून तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो ती बघत होती तिकडे बघत होता. त्याला काहीच दिसलं नाही.

"अगं," तो म्हणाला, "घरी चल ना."

अल्पना वळली. मान वळवून तिनं नीट, सरळ त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळख होती. दीपेशचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याला रडूच आलं.

"किती वाळलात हो तुम्ही," ती म्हणाली. तिनं त्याच्या मनगटावरची ओढणीची गाठ सोडवली, ओढणी घडी करून खांद्यावर टाकली आणि आपणहून त्याचा हात हातात घेतला. तिचा हात ऊबदार होता. "चला."

तिनं पाऊल टाकलं. पुढे, पाण्यात. मग दुसरं. काठावरून ती बाई काहीतरी ओरडली. दीपेशला ते ऐकू आलं, कळलंही. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं तेव्हा त्याच्या मनात आलं की हात सोडवून घ्यावा.

तिनं फार घट्ट धरला नव्हता. दीपेशनं तो सोडवून घेतला नाही.